कॅथलिक ‘पुण्य जोडून’ तारण मिळवतात काय?

गेले काही दिवस सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की कॅथलिक लोक पुण्यकर्मे करून तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळवू पाहतात, प्रॉटेस्टंटांना सत्कर्मांची गरजच नसते, आणि म्हणून या दोघांची शुभवर्तमाने, म्हणजे तारणाचे संदेश, निराळी आहेत. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो आहे आणि म्हणूनच या मजकुराला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

पहिला आरोप कॅथलिक शिकवणीला धरून नाही. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने १५४७ साली नीतिमान ठरण्याविषयी, म्हणजे देवाने माणसाला स्वीकारण्याविषयी, जे नियम केले, त्यांतला पहिलाच असा आहे, की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा शापित असो. विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो, हे तर ऑरेंज येथील चर्चच्या सभेने ५२९ सालीच सांगितले होते. आपल्याकडे घोटाळा होतो तो ‘पुण्य’ या शब्दामुळे. तो कानी पडताच मराठी माणसाच्या मनात पाप-पुण्याचा हिशेब, गाठीशी बांधलेला संचय उभा राहतो. कॅथलिक शिकवणीत मात्र माणसाचे पुण्य हेच मुळात देवाचे दान आहे, असे ट्रेंटने त्याच ठरावात लिहून ठेवले आहे. माझी आत्या मिरजेत अंथरुणाला खिळली असताना शेजारच्या कॅथलिक काकू रोज संध्याकाळी यायच्या, क्रुसाची खूण करायच्या आणि आत्याच्या जीर्ण बायबलमधून तिला ५१वे स्तोत्र वाचून दाखवायच्या. ते स्तोत्र दयेच्या याचनेने सुरू होते, आणि काकू ती याचना आत्याइतकीच स्वतःसाठीही करत, हे त्यांच्या आवाजावरून कळत असे.

दुसरा आरोप आम्हा प्रॉटेस्टंटांवरच अन्याय करतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ८वे आणि ९वे वचन आम्हांला तोंडपाठ असते: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे. पण सत्कर्मे करण्यासाठीच आपण ख्रिस्तात निर्माण झालो आहोत, हे सांगणारे १०वे वचन त्या मजकुरात गाळले आहे. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याने १५२२ सालच्या जर्मन भाषांतरात, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो असे सांगणाऱ्या रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला हे खरे. परंतु त्याच पत्राच्या प्रस्तावनेत त्याने विश्वासाला जिवंत आणि सतत कार्यरत म्हटले आहे, आणि असा विश्वास सत्कर्मे केल्यावाचून राहूच शकत नाही, असे बजावले आहे.

राहिला तिसरा मुद्दा, दोघांची शुभवर्तमाने निराळी असल्याचा. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन (ल्यूथरच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, असे त्यांनी एकत्र कबूल केले. २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने, म्हणजे आणखी दोन प्रॉटेस्टंट परंपरांनी, या घोषणेला संमती दिली.

सगळे मतभेद मिटले, असा याचा अर्थ नाही, आणि तसे भासवणेही अप्रामाणिकपणाचे होईल. ‘केवळ विश्वासाने’ या सूत्राचा ट्रेंटने ज्या अर्थाने निषेध केला, तो निषेध मागे घेतलेला नाही. ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपल्या नावे गणले जाते, असे आम्ही म्हणतो. कॅथलिकांच्या मते ते कृपेने आपल्या अंतरात ओतले जाते, वाढू शकते, गंभीर पापाने गमावले जाते आणि पापनिवेदनाच्या संस्कारात पुन्हा मिळते. वाद घालायचाच असेल तर तो इथे घालावा. त्या मजकुराने मात्र या प्रश्नाला हातही लावलेला नाही.