एप्लीनंतर चक्कर वाढली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार थोडक्यात अशी : चक्करेवरचा माझा लेख वाचून आईंना पलंगावर एप्ली (आतल्या कानात सुटलेले कण जागेवर नेण्यासाठी डोकं ठरावीक क्रमाने वळवायचा व्यायाम) करवलीत, दुसऱ्या टप्प्यात घर गरगरलं, उलटी झाली, तुम्ही घाबरून त्यांना उठवून बसवलंत. एमआरआयमध्ये मानेचे मणके झिजलेले असताना मान वळवायला सांगणं चूक आहे, आणि गोळ्यांनी त्या बऱ्या होत्या, असं तुमचं म्हणणं.

एक चूक माझीच. कुठला कान बिघडलाय हे आधी ठरवायचं असतं, हे मी लेखात एका ओळीत उरकलं. त्याचा त्रास आईंना झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

तुम्ही लिहिता, उजव्या कुशीवर वळलं की फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. म्हणजे बिघाड बहुधा उजव्या कानात. पण सुरुवात तुम्ही मान डावीकडे वळवून केलीत, म्हणजे डाव्या कानाची एप्ली झाली. डाव्या कानाच्या एप्लीत दुसऱ्या टप्प्याला डोकं मागे झुकलेलं आणि ४५ अंश उजवीकडे असतं. उजव्या कानाची डिक्स-हॉलपाइक चाचणी (कुठला कान बिघडलाय ते ठरवणारी) याच स्थितीत होते. म्हणजे नकळत तुम्ही उजव्या कानाची तपासणी केलीत, आणि ऐन फिरत असताना त्यांना उठवलंत. आतल्या कानाच्या, तोल सांभाळणाऱ्या नळीत सुटलेले कॅल्शियमचे कण बहुधा मागे घसरले.

मानेचं म्हणाल, तर कूस बदलताना मान आणि धड एकत्रच वळतं. मानेला पीळ बसतच नाही, तरी चक्कर येते. झिजलेले मणके साठीनंतर चक्कर नसलेल्या बहुतेकांच्याही एमआरआयमध्ये दिसतात. आपल्याकडे चक्कर आली की मान नाहीतर पित्त, एवढ्यावरच थांबतात, आणि माणूस वर्षानुवर्षं मानेला पट्टा लावून फिरतो. याचं फार वाईट वाटतं.

आता आधी फिजिओथेरपिस्ट किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून चाचणी करून घ्या. आडवं केल्यावर दोन-चार सेकंदांनी डोळे वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे गोल झटके देतात का, ते बघतात. झटके सरळ आडवे असतील तर कण दुसऱ्या नळीत आहेत, तिथे एप्ली कामाची नाही.

उजवा कान ठरला, तर : उशी डोक्याखाली नको, आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल अशी ठेवा. घरी सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. उशी डोक्याखाली गेली की डोकं मागे झुकत नाही आणि कण हलतच नाहीत. मान ४५ अंश उजवीकडे, मग झटकन आडवं. फिरेल, ते अपेक्षितच आहे. थांबल्यावर आणखी ३० सेकंद मोजा. डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, ३० सेकंद. मग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, ३० सेकंद. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने पाय खाली सोडून सावकाश बसवा. शेजारी बादली आणि धरायला माणूस हवाच. नंतर दिवसभर पाऊल तरंगल्यासारखं वाटू शकतं. रात्री दिवा लावून ठेवा, बाथरूमला जाताना पडायची भीती असते.

मानेला संधिवात किंवा अलीकडची इजा असेल, हात-पाय बधिर होत असतील, तर घरी नको. तिथे मान मागे न झुकवता करायच्या पद्धती आहेत.

गोळ्यांनी मळमळ थांबते, कण जागचे हलत नाहीत. तीन-चार दिवस ठीक. महिनोनमहिने चालू राहिल्या तर मेंदू तोल सावरायला शिकत नाही, आणि प्रोक्लोरपेराझीन या चक्कर-मळमळीच्या गोळीने वयस्कर माणसांत कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. आईंची गोळी कुठली ते बघा, आणि ती डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

एक मात्र लक्षात ठेवा. तासन् तास न थांबणारी चक्कर, दोन दोन दिसणं, बोबडं बोलणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम नाही, थेट हॉस्पिटल.

चाचणीत कुठला कान निघाला ते इथेच कळवा. पुढचं त्यानुसार सांगते.