कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे आधी डोक्यातून काढा

राजेहो, जुनी महागडी गाडी बघायला गेलं की विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, फक्त बावीस हजार चालली आहे, संडे-संडेच निघायची." ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि तिथेच तो निम्मा हरतो. माझं मत सरळ उलटं आहे. आपल्या नागपुरात दहा वर्षांत बावीस हजार चाललेल्या ग्रँड टूररपेक्षा, दर वर्षी ऑईल बदललेली आणि हायवेला नव्वद हजार चाललेली गाडी मी आधी बघायला सांगेन.

ग्रँड टूरर म्हणजे दोन-चार माणसं आणि सामान घेऊन दिवसभर एका दमात पळण्यासाठी बनवलेली गाडी. बेंटले कॉन्टिनेंटल जीटी, बीएमडब्ल्यू ६ सिरीज, जॅग्वार एक्सके. मर्सिडीज सीएलएस आणि ऑडी ए७ यांना ग्रँड टूरर म्हणावं की नाही यावर भांडणारे भांडोत, तपासायची पद्धत तीच. अशी गाडी धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स एवढीच फिरली तर इंजिन पुरतं तापत नाही, ऑईलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. डिझेल असेल तर सायलेन्सर लाइनमधला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, जळून साफ होत नाही. वरून आपला उन्हाळा. टिनाच्या शेडमध्ये नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ रणरणते दिवस, काढणाऱ्या गाडीचं रबर किलोमीटर मोजत बसत नाही, ते फक्त वर्षं आणि तापमान मोजतं.

सुरुवात टायरपासून करा, कारण तिथे खोटं बोलता येत नाही. साइडवॉलवर DOT या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३११७ म्हणजे २०१७ चा ३१वा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि वय आठ वर्षं, हा सगळ्यात वाईट मेळ आहे. रबर कडक झालेलं, आणि मालक "टायर तर नवेच आहेत" म्हणून समृद्धीवर १२० ने हाणायला मोकळा. सहा वर्षांवरचे चारही टायर किमतीतून वजा करा. २० इंची लो प्रोफाइल सेटचा आकडा आधी काढून ठेवा, मगच बोलायला बसा. रिम आतल्या बाजूनेही बघा. बाहेरून पॉलिश केलेल्या अलॉयची आतली कड खड्ड्यात वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असते, आणि ती फक्त लिफ्टवर दिसते.

आता एअर सस्पेन्शन. यात माणसं बुडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे असतात. गाडी वर-खाली होताना फुगा एका ठरावीक जागी दुमडतो, आणि त्या घडीत बारीक चिरा पडतात. हवा एकदम जात नाही, रात्रभर झिरपते. सकाळी मालक गाडी सुरू करतो, फुग्यांत हवा भरणारा कंप्रेसर मिनिटभर घुरघुरतो, गाडी उचलली जाते आणि तुम्ही येईपर्यंत सगळं सरळ दिसतं. गळती भरून काढायला कंप्रेसर रोज जास्त चालतो आणि शेवटी तोच जळतो. म्हणजे एका फुग्याचं काम कंप्रेसर आणि फुग्यांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जातं. उपाय बिनखर्चाचा आहे. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करायला लावा, चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही बाजू मोजा आणि लिहून ठेवा. बारा तासांनी, गाडी सुरू करण्याआधी, पुन्हा मोजा. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा १० ते १५ मिलिमीटरने जास्त बसला असेल तर तिथे गळती धरा. मग साबणाचं पाणी स्प्रेने मारून बुडबुडे शोधायचे. जो विकणारा रात्रभर गाडी मोजू देत नाही, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

इंजिन थंडच सुरू झालं पाहिजे. पोहोचल्यावर आधी बोनेटवर आणि सायलेन्सरजवळ हात धरून बघा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. थंड सुरुवातीला इंजिनच्या मागच्या बाजूने चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर सावध व्हा. बीएमडब्ल्यू ६४०डी मधल्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायची म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणं आलं. त्याच कंपनीने २०१८ मध्ये डिझेल गाड्या ईजीआर कूलरसाठी, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर गार करणाऱ्या भागासाठी, परत बोलावल्या होत्या. कूलरमधून कूलंट गळून काजळीत मिसळलं की इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भागाला, आग लागण्याचा धोका होता. बघत असलेल्या गाडीचं ते काम झालं की नाही, हे चेसिस नंबर देऊन शोरूममध्ये विचारा.

बीएमडब्ल्यूची २०११ नंतरची ६५०आय बघत असाल तर अजून एक कसोटी. त्यातल्या ४.४ लीटर व्ही८ मध्ये दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधोमध, इंजिनच्या डोक्यावर बसवलेले आहेत. त्या भट्टीत व्हॉल्व्हच्या दांडीवरचे रबरी सील (स्टेम सील) कडक होतात आणि ऑईल खाली उतरतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वीस मिनिटं आयडलवर ठेवा, मग एकदा जोरात रेस द्या आणि मागे उभ्या माणसाला धूर बघायला सांगा. निळसर ढग निघाला तर सील गेलेत. या गाडीत डिपस्टिक नाही, ऑईलची पातळी स्क्रीनवर दिसते. "मध्ये-मध्ये एक लीटर टाकावं लागतं, या गाड्यांचं असंच असतं" हे वाक्य आलं की मोठं बिल येतंय समजा.

मर्सिडीजच्या ३ लीटर व्ही६ डिझेलचं दुखणं वेगळं. ऑईल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत, इनटेकच्या खाली दडलेला. त्याची दोन रबरी सीलं उष्णतेने आकसतात, ऑईल खाचेत साचतं, मागे वाहतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरच्या कवचाच्या, म्हणजे बेलहाऊसिंगच्या, तोंडाशी थेंब लटकतो. खाली बघणारा मेकॅनिक म्हणतो, क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवू. गिअरबॉक्स उतरतो, सील बदलतं, थेंब तसाच. म्हणून थेंबाचा माग खालून वर काढायचा. टॉर्च आणि छोटा कॅमेरा इंजिनच्या मागच्या बाजूने खाचेत घाला. तिथे काळं डबकं दिसलं तर मूळ सापडलं. सील स्वस्त आहे, पण तिथवर पोहोचायला टर्बो आणि इनटेक उतरवावं लागतं, म्हणून मजुरी मोठी.

बेंटलेच्या डब्ल्यू१२, म्हणजे बारा सिलिंडरच्या इंजिनाबद्दल एवढंच सांगतो की पहिल्या पिढीच्या गाडीत बरीचशी कामं इंजिन खाली उतरवूनच होतात. व्हॅक्यूमचे पाईप कडक होऊन तुटणं हे नेहमीचं, आणि पाईप काही रुपयांचा असला तरी बिल इंजिन उतरवण्याचं. अशी गाडी घेताना काम कोण करणार, हे आधी ठरवा.

गिअरबॉक्सचं ऑईल "लाइफटाइम" असतं, हे गाडीवाले म्हणतात. यातल्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. मी झेडएफचं ऐकतो. इथेही कमी चाललेल्या गाडीचा मालक किलोमीटर दाखवतो आणि आठ वर्षं विसरतो. थंड गिअरबॉक्सवर रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना सेकंदभराहून जास्त थांबणं, आणि सिग्नलला हळू होताना तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मागून धक्का बसणं, या दोन गोष्टी पकडा.

मीटर मागे फिरवलंय का, हे सीटच्या चामड्यावरून ओळखणारे पुष्कळ. चामडं महिनाभरात नवं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावा. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, चावीच्या आणि इतर युनिटमध्येही नोंद राहते, आणि फिरवणारा सगळीकडे पोहोचेलच असं नाही. काही इंजिनांत चाललेले तासही मिळतात. मीटर २२,००० आणि तास १,४०० म्हणजे सरासरी ताशी १६ किलोमीटर. एकतर गाडी एसी लावून तासन् तास उभी राहिली, नाहीतर किलोमीटर खोटे. दोन्ही परिस्थितींत "संडे-संडे"ची गोष्ट पडते. दुसरं, मोबाइलला जोडायच्या साध्या ओबीडी अडॅप्टरवरही "बिघाडाचे कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हा आकडा दिसतो. तो सहा किलोमीटर असेल तर दिवे तुमच्यासाठीच विझवलेत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो कापलेला किंवा बिघडलेला आहे.

पाण्यातली गाडी हा नागपूरचा नवा विषय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, शंकरनगर ते सीताबर्डी परिसरात पाणी शिरलं. तळघरातल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. असल्या गाड्या सुकवून, पॉलिश करून बाजारात येऊ शकतात. इन्शुरन्सचा क्लेम इतिहास मागाच, पण डोळ्यांनीही बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, गालिच्याखालचा फोम दाबल्यावर ओला लागतो का, कनेक्टरमध्ये तांबं हिरवं पडलंय का. या गाड्यांचे कंट्रोल युनिट सीटखाली, गालिच्याखाली आणि डिक्कीच्या कोपऱ्यात बसवलेले असतात. पाणी सगळ्यात आधी तिथेच जातं.

पूर न येताही पाणी शिरतं. काचेखालच्या जाळीत आणि सनरूफच्या नळ्यांत कडुलिंबाची पानं आणि धूळ अडकते, पहिल्या पावसात पाणी पायाखाली उतरतं. सनरूफच्या कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि चाकामागून बाहेर येतं का बघा. दोन दारांच्या कूपेत काचेला चौकट नसते, दार उघडताना काच काही मिलिमीटर आपोआप खाली सरकली पाहिजे. बॅटरी कमजोर असली की ती सरकत नाही आणि वरचं रबर फाटतं. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी संपलेली.

रंग मोजायचं मशीन आणा. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा मारलेला २०० च्या वर, आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर ५०० ते हजारच्या पुढे. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका. जुन्या ६ सिरीजचं बोनेट ॲल्युमिनियमचं आणि पुढची मडगार्डं प्लास्टिकची आहेत, जॅग्वार एक्सकेची तर सगळी बॉडीच ॲल्युमिनियमची. चुंबक चिकटणारच नाही, आणि म्हणून "लांबी भरली आहे" असं कुणी ठासून सांगत असेल तर तोही चूक. ॲल्युमिनियमवर चालणारंच मशीन घ्या.

टेस्ट ड्राइव्ह सेमिनरी हिल्सच्या चढाने सुरू करा, मग वर्धा रोड, रिंग रोड, आणि शेवटी शिवमडक्याहून समृद्धीवर. चक्कर दुपारी मारा, मे महिना असेल तर अजून चांगलं. सिग्नलला उभी असताना एसीची हवा गरम व्हायला लागली तर पंखा किंवा एसीचा कंप्रेसर दमलाय. ९० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर टायर-रिम, फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरलं तर डिस्क, फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर थरथरलं तर माउंटिंग किंवा शाफ्ट. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर लावून मोजा. डिझेल असेल तर सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ असलेल्या गाडीत बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा काढून टाकलाय.

कागदांत चेसिस नंबर काच, बॉडी, आरसी आणि स्कॅनर चारही ठिकाणी एकच हवा. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त का, हे वेगळं सांगायला नको. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये गदा आली. ती आणताना एनओसी आणि इथला टॅक्स धरून भाव करा, नाहीतर स्वस्ताई आरटीओतच संपते. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हातात घ्या.

भावाचं गणित माझ्यापुरतं असं आहे. पार्टची किंमत गाडी नवी असतानाच्या किमतीवर ठरते, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. कोटीची गाडी पंधरा लाखांत मिळाली तरी हेडलाइट कोटीच्या गाडीचाच. म्हणून लिफ्टवर चढवून जे जे सापडेल त्याची यादी करा, पार्टनंबर टाकून दर काढा, आणि त्या यादीवर बोला. "थोडं कमी करा ना भाऊ" असं म्हणत घासाघीस करण्यापेक्षा तीन फुग्यांचं कोटेशन समोर ठेवलेलं जास्त चालतं.

आणि पैसे देण्याआधी डिक्कीत चाकाच्या लॉक नटची सॉकेट आहे का बघा, दोन्ही चाव्यांनी गाडी सुरू करून बघा. बऱ्याच गाड्यांत रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे टायर, असल्याने स्टेपनी नसतेच, आणि सॉकेट नसेल तर समृद्धीवर कारंजा गावाजवळ रात्री एक वाजता टायरवाला आला तरी चाक निघत नाही.