भिंतीला ओल, सल्ल्यांना पूर

बाहेरच्या भिंतीला ओल आली की आधी येतात सल्ला देणारे. प्रत्येकजण भिंतीवर बोटाने टकटक करतो, मान तिरकी करून ऐकतो आणि "हं" म्हणतो. त्या "हं"चा अर्थ ज्याच्या त्याच्या धंद्यावर. पेंटर म्हणाला डॅम्पप्रूफचे दोन हात मारू, प्लंबर म्हणाला आतली पाइपलाइन गेली, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने तर भिंतीला भोकं पाडून केमिकलची इंजेक्शनं द्यावी लागतील असं इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मला वाटलं आता जवळच्या नातेवाइकांना बोलवून घ्या म्हणतोय.

त्याच्याकडे मीटरही होतं. दोन पिना टेकवल्या की पीं पीं. जिथे टेकवलं तिथे बोंबललं! आता गंमत अशी की हे मीटर पाणी मोजतच नाही, भिंतीतून वीज किती सहज जातेय ते बघतं, आणि आमच्या भिंतीला लोणा लागलेला, ते पांढरे क्षार असले की आकडा उगाच फुगतो. पण तो आकडा दाखवूनच कोटेशन देतात.

मग मी स्वयंपाकघरातली फॉइल आणून आतून डागावर चारी बाजूंनी टेपने चिकटवली. एक-दोन दिवस ठेवायची. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर घरातली वाफ, मागे आले तर ओल भिंतीतली. मागेच आले. तोवर सासूबाई आल्यागेल्याला "सूनबाईंचं डेकोरेशन" म्हणून दाखवत होत्या.

शिवाय ओल एक नव्हे, दोन निघाल्या. खालची जमिनीतून चढणारी, ही साधारण मीटरभर वर येते. ती अडवायला जोत्यात डीपीसीचा, म्हणजे डॅम्पप्रूफ कोर्सचा थर असतो आणि बाहेरची माती त्याच्या निदान 150 मिमी, म्हणजे सहा इंच खाली हवी. सासऱ्यांनी गुलाबांसाठी माती घालून घालून वाफा थेट त्या थराच्या वर नेलेला, पाण्याला जिनाच बांधून दिल्यासारखा. आता हे बाबांना सांगायचं कुणी, यावर घरात बराच वेळ कुणीच बोललं नाही.

दुसरी खिडकीखालची. तिच्यासाठी पाइपने पाणी मारून बघायचं, पण खालून वर जायचं, वरून मारलं की सगळंच भिजतं आणि चोर सापडत नाही. एकेका जागी बराच वेळ धार धरायची. मी बाहेर, नवरा आत टॉर्च घेऊन.

"आलं का रे?"

"काय?"

"पाणी!"

"हो, आण ना, केव्हाचा उभाय मी."

शेवटी धार खिडकीच्या सिलवर, म्हणजे चौकटीखालच्या बाहेर आलेल्या पट्टीवर गेली आणि थोड्या वेळाने आतून आरडाओरडा झाला, तहान भागली असणार. बाहेर आलेल्या सिलला खालून एक बारीक खाच लागते, पाणी तिथे तुटून खाली पडतं. आमच्या सिलला ती नव्हतीच, त्यामुळे पाणी सिलच्या पोटाखालून उलटं भिंतीकडे यायचं आणि तिथल्या फटीतून घरात. एवढीशी खाच, आणि तिच्यासाठी मला इंजेक्शनं देणार होते!

गवंड्याने खाच पाडली, फट सीलंटने भरली, माती उपसली, गुलाब कुंड्यांत गेले. दुसऱ्याच दिवशी पेंटर डबे घेऊन हजर. त्याला म्हटलं थांबा, भिंत वाळायचा ठोकताळा इंचाला महिना, आणि ही भिंत नऊ इंची.

"नऊ महिने? मॅडम, एवढ्यात तर..." म्हणाला आणि सासूबाईंकडे बघून गप्प बसला.

ओल्या भिंतीवर रंग मारला की पाणी आत कोंडतं आणि पोपडे धरतात हे त्याला माझ्याहून जास्त माहितीय, पण पोपडे आले की परत रंग लागतो हेही माहितीय. हल्ली तो अधूनमधून फोन करून भिंतीची तब्येत विचारतो. आणि बाबा विचारतायत, कुंड्या त्या खिडकीच्या सिलवर ठेवल्या तर चालतील का.