म्हादईचं वाटप एआयकडे द्या म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले दोन आठवडे एकच मेसेज फिरतोय. गावच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि काल मेव्हण्याने फोंड्याहून मलाच पाठवला, वर "तू या लायनीत आहेस, बरोबर आहे काय हे?" असं विचारून. मेसेज थोडक्यात असा, की म्हादईचा तंटा (नदी कर्नाटकात उगम पावते, गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते, आणि कर्नाटकाला तिचं थोडं पाणी हुबळी-धारवाडकडे वळवायचंय) राजकारण्यांनी आणि वकिलांनी लांबवलाय, सॅटेलाइटचा डेटा एआयला द्या, पाच मिनिटांत निष्पक्ष वाटप करून मिळेल कारण मॉडेलला ना गोवा कळतो ना कर्नाटक, आणि तसंही मॉडेलने दाखवलंच आहे की दोनशे टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी समुद्रात वाया जातं, त्यातलं चार कर्नाटकाला दिलं तर गोव्याचं काय बिघडणार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा. पावसाच्या आणि नदीच्या नोंदी तपासून मॉडेलमधे घालण्यालायक करणं हे माझं रोजचं काम, एआय मी स्वतः वापरतो आणि त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"मॉडेलला गोवा-कर्नाटक कळत नाही." मॉडेलला नसेल कळत, पण मॉडेलला काय खायला घालायचं हे ठरवणाऱ्याला कळतं ना. म्हादईत पाणी किती, एवढा साधा प्रश्न घ्या. केंद्रीय जल आयोगाने २००३ मधे १९९.६ टीएमसी सांगितलं, या तंट्यासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ च्या निवाड्यात १८८.०६ धरलं, गोव्याची बाजू यापेक्षा बरीच खाली होती. (हे आकडे ७५ टक्के खात्रीचे, म्हणजे चारातल्या तीन वर्षी किमान एवढं पाणी मिळेल असे.) नदी एकच आहे आणि या सगळ्यात कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. कुठल्या वर्षांचा पाऊस धरला, कुठल्या केंद्राच्या नोंदी घेतल्या, जिथे नोंदच नाही तिथलं पाणी कसं काढलं, यावर आकडा हलतो. गोव्यात गांजे गावाला जल आयोगाचं नदीचं पाणी मोजायचं केंद्र आहे. पण खोरं आहे २०३२ चौरस किलोमीटरचं, त्यातलं १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. खांडेपार नदी गांजेच्या खाली येऊन मिळते, डिचोलीकडची वाळवंटी त्याच्याही खाली. म्हणजे गांजेच्या पट्टीवर जे दिसतं ते पूर्ण खोऱ्याचं पाणी नव्हेच, उरलेलं हिशोबाने काढावं लागतं आणि तो हिशोब कुठल्या गुणोत्तराने करायचा हे माणूस ठरवतो. तो माणूस कुठल्या खात्यात बसतो याने फरक पडतो.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ मधे झालं, तेव्हा हाताशी जी वर्षं होती ती नेमकी भरपूर पावसाची होती. त्यांच्याच भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला ई. सी. लारू नावाचा इंजिनियर त्या काळी सांगत होता की पाणी एवढं नाही. तरी वरच्या आणि खालच्या राज्यांना मिळून वर्षाला दीड कोटी एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) वाटून टाकलं. १९७६ मधे झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून जुन्या शतकांचा अंदाज काढला तर सरासरी निघाली सुमारे १ कोटी ३५ लाख. जे पाणी नदीत नव्हतंच ते कागदावर वाटलं गेलं आणि आज शंभर वर्षांनंतरही ती राज्यं त्यावरून भांडतायत. एआय तेव्हा असता आणि त्याला तीच वर्षं दिली असती तर त्यानेही तेच उत्तर दिलं असतं, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

"सॅटेलाइट सगळं बघतो." हा मुद्दा ऐकला की मला राहवत नाही, कारण माझं पोटच यावर चालतं. पाऊस मोजणाऱ्या सॅटेलाइटचा जो सगळ्यात जास्त वापरला जाणारा डेटा आहे त्याचा एक चौकोन साधारण अकरा बाय अकरा किलोमीटरचा. म्हणजे १२० चौरस किलोमीटरला एक आकडा. कर्नाटकातलं म्हादईचं सगळं पाणलोट ३७५, म्हणजे जिथून कळसा आणि भांडुरा हे म्हादईला मिळणारे दोन ओढे वळवायचे आहेत त्या अख्ख्या मुलखासाठी जेमतेम तीन चौकोन. आणि तो मुलूख घाटाचा, इकडच्या डोंगरावर ओततंय आणि पलीकडे नुसती भुरभुर, हे आपण डोळ्यांनी बघतो. त्यात घाटावरचा पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो आणि असा पाऊस सॅटेलाइट कमी मोजतो, ही त्या शास्त्रातली माहीत असलेली अडचण आहे. नदीचं पाणी मोजायला डिसेंबर २०२२ मधे स्वॉट नावाचा सॅटेलाइट गेला, काम सुंदर आहे, पण तो साधारण शंभर मीटरपेक्षा रुंद नद्यांसाठी बनवलाय. कर्नाटकात कणकुंबीला जाऊन कळसा बघा. तो व्हाळ आहे, म्हणजे ओढा.

मग जमिनीवरची यंत्रं बघू. दोन वर्षांपूर्वी जुलैमधे सत्तरीतल्या एका आपोआप नोंद करणाऱ्या पर्जन्यमापकाची फाइल माझ्याकडे आली, सलग सहा दिवस शून्य मिलिमीटर. त्याच सहा दिवसांत आईचा फोन होता की कुळागरात (बागेत) पोफळींच्या बुंध्याशी गुडघाभर पाणी आहे आणि पाट कुठला नि वाट कुठली कळत नाही. शनिवारी गेलो बघायला. यंत्र फणसाच्या झाडाजवळ, नरसाळ्यात एक पिवळं पान भोकावर असं घट्ट बसलेलं की जणू कापून लावलंय, वर पाणी तुडुंब आणि काठावरून सांडतंय. खाली आत एक छोटी दोन कप्प्यांची वाटी असते, एक कप्पा भरला की कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. ती वाटी कोरडी होती, एका कोपऱ्यात मुंग्यांनी माती आणून ठेवलेली. मी पान उचललं तसं पाणी भसकन खाली गेलं, वाटी टकटक टकटक हलायला लागली आणि यंत्राने इमानदारीने नोंदवलं की सहा दिवस कोरडे गेले आणि शनिवारी दुपारी पाच मिनिटांत ढगफुटी झाली.

ती फाइल माझ्या हातात आली म्हणून अडवली गेली. न अडवता गेली असती तर शून्य हा मॉडेलसाठी पूर्णपणे वैध आकडा आहे, तो लाल होत नाही, ओरडत नाही. अशा शून्यांवर शिकलेलं मॉडेल मग सांगणार की इतक्या पावसात नदीला इतकं पाणी येतं, आणि त्यावरून कुणाच्या तरी गावचं वाटप होणार. यात कुणाचा कट नाही. पान साफ करायला माणूस नेमलेला नाही एवढंच, आणि माणूस नेमायचा की नाही, कुठल्या तालुक्यात नेमायचा, हा निर्णय मात्र सरकारी पैशाचा म्हणजे राजकारणाचाच आहे.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, दोनशे टीएमसी "वाया" जातं. हा शब्द कुठल्याच मॉडेलमधून येत नाही. मॉडेल म्हणतं अमुक पाणी समुद्राला मिळतं. त्याला "वाया" हे नाव माणूस देतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा वर्षाचा आकडा आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर. जुलैमधे म्हादई दोन्ही काठ खात जाते आणि एप्रिलमधे तिच्यात दगडांवरून चालत पलीकडे जाता येतं. ३.९ टीएमसी हे १८८ च्या दोन टक्के, असं म्हटलं की कुणालाही वाटतं एवढ्याने काय होतंय. पण ते दोन टक्के सगळ्या खोऱ्यातून चिमूटचिमूट उचलायचे नाहीत, डोक्याकडच्या दोन व्हाळांतून उचलायचे आहेत, कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८. तिथे त्या व्हाळात किती राहिलं हे विचारा, पणजीला समुद्रात किती गेलं हे काय विचारता. आणि कुणी म्हटलं की आम्ही पावसाळ्यातच उचलू, तर ठीक आहे, मग ऑक्टोबरच्या शेवटी पंप बंद झाला की नाही हे कोण बघणार आणि त्याचा आकडा आम्हाला कुठे दिसणार तेही सांगा.

दुसरी गोष्ट, मांडवीत भरती थेट गांजेपर्यंत चढते, समुद्रापासून साधारण पन्नास किलोमीटर. वरून येणारं गोडं पाणी त्या भरतीला मागे रेटतं. ते कमी झालं की खारं पाणी वर सरकतं, विहिरीला कळतं, खाजनाला (बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेताला) कळतं. माझी आत्या मांडवीतल्या दिवाडी बेटावर दिली होती, तिच्या सासऱ्यांचं खाजन होतं. भरती-ओहोटी बघून मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडायची-मिटायची, बांधावरून फिरताना बोट बुडवून जिभेला लावायचं आणि "आज चढलंय" म्हणायचं, हे मी लहानपणी पाहिलंय. खाजनातलं भात पावसाच्या गोड्या पाण्यावर उभं राहतं, मासळी त्या खाऱ्या-गोड्याच्या मिश्रणावर. वर सत्तरीत पुरण शेती म्हणून एक प्रकार आहे, पाऊस संपल्यावर नदीच्या पात्रात गाळावर भात लावतात. सॅटेलाइटच्या नकाशात ती जागा नदीचं पात्र किंवा पडीक म्हणून रंगवली जाते. मॉडेलच्या यादीत ज्याला नावच नाही त्याचं पाणी मॉडेलच्या लेखी वाया जाणारच.

शिवाय पणजी आणि फोंडा ज्या ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यावर जगतात ते खांडेपारचं, म्हणजे याच खोऱ्यातलं. ऑगस्ट २०१९ मधे खांडेपारजवळ मोठी पाइपलाइन फुटली आणि भर पावसात पणजी-फोंड्याकडच्या लोकांनी टँकरमागे रांगा लावल्या. नदी तुडुंब होती. नदीत टीएमसी किती आहे आणि नळाला किती येतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं होतं, विसरलो आपण.

हुबळी-धारवाडच्या लोकांना पाणी नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. तिथे आमचे नातेवाईक आहेत, नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मला ठाऊक आहे. भांडण करायचं तर महिन्याच्या आकड्यांवर करू, गावागावाच्या आकड्यांवर करू, एवढंच.

"पाच मिनिटांत निवाडा." लवाद नोव्हेंबर २०१० मधे बसला, निवाडा १४ ऑगस्ट २०१८ ला आला, उशीर झालाच आणि त्याची चीड मलाही आहे. कर्नाटकला १३.४२ टीएमसी (त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. पटो न पटो, पण त्या वर्षांत एक गोष्ट झाली, मॉडेल बनवणाऱ्या तज्ज्ञांना पिंजऱ्यात उभं करून समोरच्या वकिलाने विचारलं की हे वर्ष का घेतलं, ते का सोडलं. निवाडा मान्य नसलेली राज्यं सुप्रीम कोर्टात गेली. एआयने पाच मिनिटांत आकडा दिला तर उलटतपासणी कुणाची घ्यायची? मी एका चॅटबॉटला मुद्दाम दोन वेळा विचारलं. "म्हादईत गोव्याच्या गरजेपुरतं पाणी आहे काय" म्हटलं तर टंचाई सांगितली, "म्हादईचं किती पाणी वाया जातं" म्हटलं तर "वाया" हा शब्द तसाच उचलून मोठ्ठा आकडा दिला. प्रश्न ज्याचा, कल त्याचा.

जिथे एआय खरंच कामाचा आहे तेही सांगतो. गूगलने २०१८ मधे पाटण्यापासून पुराच्या इशाऱ्याचं काम सुरू केलं, २०२४ मधे नेचरमधे त्यांचा पेपर आला, ५,६८० मापन केंद्रांवर शिकवलेलं मॉडेल जिथे केंद्रच नाही अशा नद्यांनाही काही दिवस आधी पुराचा अंदाज देतं. पेडण्यात, डिचोलीत पूर यायच्या आधी फोन वाजला तर मला हवाच आहे. पण पुराचा इशारा चुकला तर दुसऱ्या दिवशी कळतं आणि मॉडेल सुधारता येतं. वाटप चुकलं तर तीस वर्षांनी कळतं, तोवर कालवा बांधून झालेला असतो. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्यात पाणीपुरवठा चालवणाऱ्या यंत्रणांत सुरक्षेसाठी बसवलेला एआय जास्त जोखमीच्या यादीत आहे. आपल्या नीती आयोगाने २०२१ मधे जबाबदार एआयची तत्त्वं लिहिली, त्यात पारदर्शकता आहे आणि जबाबदारी निश्चित करणं आहे. कागद आपल्याकडेही आहे.

२०२३ मधे केंद्राने म्हादईसाठी "प्रवाह" नावाचं प्राधिकरण मंजूर केलं. मला त्यांच्याकडून हवंय ते अगदी साधं आहे. कणकुंबीच्या खाली, हद्दीवर, दोन्ही राज्यांच्या माणसांनी मिळून वाचायची एक पट्टी. रोजचा आकडा त्याच संध्याकाळी सगळ्यांना दिसेल असा. वापरलेलं मॉडेल, त्याची वर्षं, गाळलेल्या नोंदी आणि त्या का गाळल्या हे मराठीत, कोकणीत, कन्नडमधे. खाली सही, माणसाच्या नावाने. आणि पर्जन्यमापकाचं नरसाळं पावसाळ्यात दर आठ दिवसांनी पुसायला गावातलाच एक पगारी माणूस.

मेव्हण्याला काल रात्री एवढंच कळवलं, की मेसेज पुढे पाठवायचा असेल तर पाठव, पण खाली तीन ओळी घाल: आकडा कुठल्या वर्षांचा, कुठल्या केंद्रावरचा, आणि कुठल्या महिन्याचा. त्याने ज्याच्याकडून मेसेज आला होता त्याला विचारलंय.