नागीण ‘तिथेही’ होते, ताई

ताई, ‘गुप्तांगावरच्या नागिणीने लघवीही अडकू शकते’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नागीण छातीवर नाहीतर पाठीवर होते, गुप्तांगावर फोड आले म्हणजे लैंगिक आजारच. मी बाहेरख्याली नवऱ्यांना आयती पळवाट दिली आणि लघवी अडकण्याचा संबंध ओढूनताणून जोडला, असं तुमचं म्हणणं.

राग समजतो. पण नागीण जागा बघून येत नाही, नस धरून येते. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू शरीरातून जात नाही, मणक्यालगतच्या मज्जागाठींत वर्षानुवर्षं पडून राहतो. छातीच्या नसेत जागा झाला तर फोड बरगडीवर. कमरेखालच्या त्रिकास्थीच्या नसांत झाला तर कुल्ल्यावर, जननेंद्रियावर, गुदद्वाराभोवती. मूत्राशयाला ‘आता आकस’ हा निरोपही त्याच नसांतून जातो, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या नसेतून. त्यांना सूज आली की निरोप अडतो. वायरिंगच तशी आहे, मी काय करू?

हे वाचण्याआधी मी घरात पाहिलंय. बाबा पहाटे न्हाणीघरात नळ सोडून तासभर उभे. ओटीपोट टणक, लघवीचा थेंब नाही. सगळ्यांनी प्रोस्टेटवर खापर फोडलं. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातल्यावर कपडे बदलताना नर्सला दिसलं: डाव्या कुल्ल्यापासून वृषणाच्या कातडीपर्यंत पाण्याचे फोड, मधली रेघ ओलांडून उजवीकडे एकही नाही. चार दिवस तिथे आग होत होती, हे बाबांनी तेव्हा सांगितलं. लाज! विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर खऱ्या उपयोगी. आमचे ते तास असे गेले. कॅथेटर पाच आठवड्यांनी निघाला. लघवी पूर्ववत झाली, बहुतेकांची होते.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर. ‘एकाच बाजूला फोड म्हणजे नागीणच’ हे मी फार ठासून लिहिलं होतं. जननेंद्रियाचा हर्पीस, म्हणजे वेगळ्या विषाणूचा, लैंगिक संबंधातून येणारा आजार, तोही कधीकधी एकाच बाजूला उठतो, क्वचित त्यानेही लघवी अडते. फोडाच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर चाचणी केली की विषाणू कोणता ते कळतं. त्याच जागी पुन्हापुन्हा फोड येत असतील तर संशय आधी हर्पीसचा. ते वाक्य बदललंय.

पण नवऱ्याचा हिशेब त्या रिपोर्टवरून मांडू नका. हर्पीस निघाला तरी तो लग्नाआधीचा, इतकी वर्षं गप्प बसलेला असू शकतो.