परत तोच पासवर्ड!

दर सहा-आठ महिन्यांनी माझं हे ठरलेलं आहे, जुन्या विंडोज ७ वाल्या कॉम्प्युटरवरून चार फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्यायला बसायचं आणि समोर होमग्रुपचा, म्हणजे घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून फोटो-फायली शेअर करायच्या विंडोजमधल्या सोयीचा, पासवर्ड मागणारी चौकट. कुठून आठवणार? तो मी ठेवलेलाच नव्हता, सिस्टिमनेच स्वतःहून बनवलेला, १० अक्षरांचा, लहान-मोठी एबीसीडी आणि आकडे सगळं कालवलेलं, आणि कॅपिटल चुकलं की गेलंच. चिठ्ठीवर लिहिला होता हो, पण माझंच अक्षर, तो एक आहे की एल हे मलाच कळेना!

मग बदलून टाकला एकदाचा. तर बाकीचे कॉम्प्युटर बाहेर फेकले गेले ना, आता प्रत्येकासमोर बसून नवीन टाका. आणि खरी चीड पुढे, हे सगळं झाल्यावर कळलं की जुना पासवर्ड कंट्रोल पॅनेलमध्ये होमग्रुपच्या पानावर चक्क पिवळ्या डब्यात दिसतो, नुसता बघायचा होता. अर्धा दिवस गेला. फोटो पेनड्राइव्हवरच घेतले शेवटी. नवीन पासवर्ड? लिहिलाय कुठेतरी.