चेंज येतोय

पुणे आणि मेलबर्न या दोन्ही शहरांत वर्षाकाठी पडणारा पाऊस जवळपास सारखाच आहे, हे मी इथे यायच्या आधीच शोधून ठेवलं होतं. पुण्यात ७०० मिलीमीटरच्या पुढेमागे, मेलबर्नला ६५० च्या. म्हटलं, हिशेब जुळला. पुण्याचा पाऊस ही रक्कम चार महिन्यांत रोख मोजतो आणि इथला बारा महिने हप्त्याहप्त्याने देतो, शिवाय हप्त्याची वेळ आपल्या अंगावर काय कपडे आहेत ते बघून ठरवतो, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या ऑफिसच्या बॅगेत आता छत्री, जाकीट, टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन असतं. डब्याला जागा उरत नाही, तो हातात. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनात एकदा गॉगल लावून शिरलो आणि कॉफी घेऊन बाहेर आलो तर गारा. इथले लोक 'एका दिवसात चार ऋतू' हे लेकाचे मार्क सांगावेत तसं सांगतात. आपण सहा ऋतूंची माणसं. पण आपले ऋतू कसे रांगेत येतात, दोन-दोन महिने बसतात, चहा घेऊन जातात.

शहराचाही दोष नाही म्हणा. उत्तरेकडे तापलेला कोरडा प्रदेश, दक्षिणेकडे थेट महासागर. दोघं आपापल्या बाजूला खेचणार आणि मधे हे उभं. (ही अवस्था कोणत्याही विवाहित पुरुषाला समजावून सांगावी लागत नाही.) उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की चाळिशीचा तडाखा बसतो, मग नैर्ऋत्येकडून गार वारा घुसतो आणि पारा वीस मिनिटांत पंधरा अंश खाली येतो. याला इथे 'चेंज' म्हणतात. पुण्यात 'पाणी कधी येणार?' ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात ऑफिसात 'चेंज कधी येणार?' चालतं.

अशा गावात, जानेवारी महिन्यात, आईने कुरडया घालायचं ठरवलं.

आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि बॅगेतून सोऱ्या आणि वाळवणाचा प्लॅस्टिकचा कागद घेऊन आली होती, त्यामुळे हा कट जुना होता. कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, पाचव्या दिवशी सकाळी शिजवून घालायच्या. म्हणजे पाच दिवस आधी हवामान ओळखायचं. मला इथे पाच मिनिटांचं ओळखता येत नाही.

"३९ आहे, पण दुपारी चेंज येतोय," मी फोनमध्ये बघून म्हणालो.

"येऊ दे. जेवायला थांबेल का?"

इथला सूर्य उत्तरेकडून फिरतो हे तिने आधी वैयक्तिक अपमान म्हणून घेतलं, मग कागद उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला नेला. चारी कोपऱ्यांवर छोल्यांचे डबे ठेवले. सकाळी नऊपर्यंत सत्तर कुरडया घालून झाल्या. अकराला वरून खडखडीत. "असं ऊन आपल्याकडे वैशाखातही नाही हो," आई म्हणाली, आणि मेलबर्नबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द.

तीन वाजून वीस मिनिटांनी वारा थांबला. झाडाचं पान हलेना. मग कुंपणापलीकडचं एक दार धाडकन आपटलं, आणि आमचा कागद छोल्यांच्या डब्यांसकट उभा राहिला. आई "अरे धर, धर!" करत सोऱ्या घेऊनच धावली. मी एक कोपरा पकडला, बायकोने एक. कुरडया मात्र कोणाच्याच नव्हत्या. त्या थव्याने कुंपण ओलांडून गेल्या. मागोमाग पाऊस. साडेतीनला आई स्वेटर आणि कानटोपी घालून खिडकीत उभी होती आणि मला चेंज म्हणजे काय ते पुन्हा विचारत नव्हती.

संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. ओंजळीत एक ओली कुरडई, दोन्ही हातांनी सांभाळून धरलेली. झाडावरून कुठल्याशा पक्ष्याची घरटी पडलीत, बरीच आहेत, अंडी कुठे दिसत नाहीत, असं ते हळहळून सांगू लागले. मी खुलासा करेपर्यंत आईने कढई ठेवलीच होती. वाचलेल्या अकरापैकी चार तळल्या. घरटं तेलात टाकताच दुप्पट फुललेलं बघून आजोबा खुर्चीतून उठले. दोन खाल्ल्या, तिसरी बायकोसाठी रुमालात घेतली.

रविवारी ते कुंपणाशी आले आणि आईकडे बघून बोटांवर काहीतरी मोजू लागले.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"शुक्रवारी ३७. चेंज शनिवारी रात्री."

आई आत गेली आणि गव्हाचा डबा काढला.